राखण लागणीआधीची: केळीचे बुरशीरोग आणि झाडातले जीवाणू

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवरच्या गाडीवर असो की गावदेवीच्या मंडईत, केळी घेताना गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारते: वेलची आहे का, आणि मोठी कशी दिली? वनस्पतिरोगशास्त्राच्या नजरेने मात्र या दोन केळ्यांत चव आणि भाव यांपलीकडचा फरक आहे. वेलची ही ‘पनामा मर’ रोगाच्या जुन्या प्रकाराला सहज बळी पडते. मोठे केळे बहुधा खानदेशातून आलेले ग्रँड नैन असते. शेतकरी त्याला ‘जी नाइन’ म्हणतात. ते जुन्या प्रकाराला दाद देत नाही, पण त्याच बुरशीचा नवा प्रकार, ‘टीआर फोर’, त्याची बाग उभी वाळवतो.

या रोगावर खात्रीचे औषध नाही. बुरशी एकदा झाडाच्या आत शिरली की बाहेरून फवारलेले काही तिच्यापर्यंत पोचत नाही. खाण्याच्या केळ्याला बी नसते, त्यामुळे संकर करून रोगप्रतिकारक वाण काढणे फार किचकट. म्हणून गेली तीसएक वर्षे संशोधकांचे लक्ष झाडाच्या आत मुळातच राहणाऱ्या निरुपद्रवी जीवाणूंकडे वळले आहे. हे जीवाणू बुरशीला रोखतात असा दावा आहे. त्यात तथ्य किती, तो कुठे टिकतो, कुठे गळतो आणि महाराष्ट्रातल्या केळीला त्याचा उपयोग नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, याचा हा आढावा.

दोन रोग, दोन स्वभाव

मर रोगाची बुरशी, ‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’चा केळीवर जगणारा अवतार, जमिनीत राहते. मुळातून शिरते, कंदातून खोडाच्या जलवाहिन्यांत चढते आणि पाण्याची वाट बुजवते. आधी खालची जुनी पाने कडेने पिवळी पडतात, मग देठाशी मोडून खोडाभोवती लोंबतात. बुंध्याची सोपटे उभी तडकतात. कंद आडवा कापला की तांबूस-तपकिरी ठिपके आणि वलये दिसतात. इथे एक फरक ओळखता यायला हवा. जीवाणूंमुळे होणाऱ्या कंदकुजीत कंद मऊ पडून घाण वास मारतो. मर रोगात वास नसतो, रंग असतो. शेजारच्या बागेतली झाडे कशाने गेली हे ठरवताना कोयत्याचा हा एक घाव पुष्कळ सांगून जातो.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ १८७४ मध्ये हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात त्याची नोंद १९११ मध्ये बंगालमधल्या चुंचुड्याची. मध्य अमेरिकेत त्याने ‘ग्रो मिशेल’ या निर्यातीच्या वाणाचे मळेच्या मळे संपवले आणि १९६० च्या आसपास जगाचा केळी व्यापार कॅव्हेंडिश गटाकडे वळला. आपली बसराई, अर्धापुरी आणि ग्रँड नैन ही सगळी त्याच गटातली. या गटाचा निर्धास्तपणा टीआर फोरने मोडला. हा प्रकार १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, २०१३ मध्ये मोझांबिकमध्ये आणि २०१९ मध्ये कोलंबियात सापडला. भारतात त्याचा पहिला ठावठिकाणा बिहारच्या कटिहार-पूर्णिया पट्ट्यात लागला. पुढे उत्तर प्रदेशातले फैजाबाद, गुजरातेतले सुरत आणि मध्य प्रदेशातले बुऱ्हाणपूर ही नावे यादीत आली. बुऱ्हाणपूर आणि आपले रावेर यांच्या मध्ये राज्याची हद्द आहे, पण बुरशीला अडवणारे तिथे काही नाही. ट्रक, मजूर, मुनवे (लागणीसाठी काढलेली केळीची पिले) आणि ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटलेली माती रोज इकडून तिकडे जात असते. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत दशकानुदशके तग धरतात, म्हणून एकदा आलेला रोग जमिनीतून काढणे जवळजवळ अशक्य.

दुसरा रोग करपा, जगात ‘सिगाटोका’ नावाने ओळखला जाणारा. फिजीतल्या एका खोऱ्यावरून हे नाव पडले. ही बुरशी पानावर उतरते. आधी बारीक पिवळसर रेघा, मग राखाडी मधल्या भागाचे लांबट तपकिरी ठिपके, शेवटी वाळलेले पान. झाड मरत नाही, पण बाग निसवताना झाडावर सात-आठ चांगली पाने उरली नाहीत तर घड भरत नाही आणि फळ वेळेआधी पिकते. जळगाव, रावेर, यावल, चोपडा या भागात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत शेतकऱ्याची खरी झटापट आज करप्याशीच चालते.

हे दोन स्वभाव वेगळे ठेवले नाहीत तर जीवाणूंच्या चर्चेत गोंधळ होतो. मर रोगात शत्रू आत आहे आणि वाट मुळांची आहे. करप्यात शत्रू पानावर आहे, उन्हापावसात. एकाच पुड्यातला जीवाणू दोन्हीकडे सारखाच चालेल, ही अपेक्षा इथेच डळमळते.

आतले रहिवासी

निरोगी केळीच्या मुळात, कंदात, खोडात, अगदी शेंड्याच्या कोंबातही जीवाणू असतात. झाडाच्या आत सूक्ष्मजीव राहतात याकडे १८६६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी लक्ष वेधले. केळीत वारंवार सापडणारी नावे म्हणजे स्यूडोमोनास, बॅसिलस, एंटरोबॅक्टर, बर्खोल्डेरिया, स्टेनोट्रोफोमोनास. यांतले बरेच मातीतून मुळांच्या फटींतून आत आलेले, तर काही मुनव्याबरोबर आईकडून मिळालेले.

हे जीवाणू बुरशीला अडवतात ते मुख्यतः चार वाटांनी. पहिली, जागा आणि अन्न अडवून धरणे. दुसरी, बुरशीला मारक द्रव्ये सोडणे: बॅसिलसचे इट्युरिन आणि फेंजायसिन बुरशीच्या पेशीच्या पडद्याला भोके पाडतात. तिसरी, लोहाची पळवापळवी. स्यूडोमोनास मातीतले लोह पकडणारे रेणू बाहेर सोडतो आणि लोह लागलेला रेणू पुन्हा आत ओढून घेतो. बुरशीला बीजाणू अंकुरायला लोह लागते, ते तिच्या वाट्याला कमी येते. प्रयोगशाळेच्या बशीत स्यूडोमोनास फ्लोरेसन्स हिरवट-पिवळा चमकतो तो याच रेणूमुळे. चौथी वाट सर्वांत महत्त्वाची: झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती आधीच जागी करणे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९१ मध्ये कार्नेशनच्या फ्युजेरियम मर रोगावर हे दाखवले. जीवाणू मुळावर होता आणि बुरशी खोडात टोचली होती. दोघांची गाठच पडली नव्हती, तरी झाड तुलनेने तगले. केळीसाठी हा मुद्दा मोलाचा, कारण जलवाहिन्यांत घुसलेल्या बुरशीशी समोरासमोर भिडण्यापेक्षा झाडालाच आधीपासून सावध ठेवणे जास्त परवडते.

निरोगी झाडात कोण जास्त असते, याचाही शोध घेतला गेला. निकाराग्वा आणि कोस्टा रिकातल्या मर रोगाच्या शेतांत निरोगी आणि रोगट केळींची तुलना करून ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या संशोधकांच्या गटाने २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला: रोगाच्या मातीतही तगून राहिलेल्या झाडांत स्यूडोमोनास आणि स्टेनोट्रोफोमोनास यांच्यासारखे उपकारक गट जास्त. जीवाणू होते म्हणून झाड वाचले, की झाड वाचले म्हणून जीवाणू टिकले, हे अशा तुलनेतून ठरत नाही. पण शोध कुठे घ्यायचा त्याची दिशा मिळते.

बशीतून शेतापर्यंत

या विषयावरचा बराचसा कागद बशीतल्या प्रयोगांनी भरलेला आहे. बशीत मधोमध बुरशी, कडेला जीवाणू, मध्ये स्वच्छ पट्टा: फोटो सुरेख येतो. पण बशीत माती नसते, इतर हजारो जीवाणू नसतात, झाड तर नसतेच. तिथे जिंकलेला जीवाणू कुंडीत अर्धा आणि शेतात पाव उरतो असे पुष्कळदा होते.

२०१९ मध्ये इटली आणि स्पेनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने या साऱ्या अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला गेला. शेतातल्या प्रयोगांत स्यूडोमोनासच्या काही वाणांनी मर रोग ७९ टक्क्यांपर्यंत घटवला, अंतर्वासी, म्हणजे झाडाच्या आत राहणाऱ्या, जीवाणूंपैकी काहींनी आणि ट्रायकोडर्मा बुरशीने ७० टक्क्यांपर्यंत, तर बॅसिलस आणि मुळांवरच्या उपकारक बुरश्यांनी साधारण ४२ ते ५५ टक्के. हे आकडे वाचताना ‘पर्यंत’ या शब्दावर बोट ठेवावे लागते. ही सर्वांत चांगल्या प्रयोगाची वरची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. स्ट्रेप्टोमायसिसवरचे काम तर तेव्हा बशीबाहेर फारसे आलेच नव्हते.

आपल्या देशातले काम मुख्यतः तमिळनाडूतले. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने स्यूडोमोनास फ्लोरेसन्सचा ‘पीएफ वन’ वाण वाढवला. त्यांची एक पद्धत फार नेमकी आहे: कंदात ४५ अंशांच्या कोनात सुमारे १० सेंटिमीटर खोल भोक पाडायचे आणि त्यात जीवाणूंची ६० मिलिग्रॅमची कॅप्सूल ठेवायची. तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र १९९३ पासून चालते. तिथे आर. थंगवेलू आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ग्रँड नैनवर मुळाच्या आतले आणि मुळाभोवतीचे जीवाणू जोडीने वापरून शेतात मर रोग दाबता येतो, हे प्रसिद्ध केले. एकटा जीवाणू चुकला तर दुसरा सांभाळतो, असा त्यामागचा विचार. मलेशियात २०१० मध्ये मात्र उलटे दिसले: एकट्या स्यूडोमोनासने दिलेले संरक्षण बर्खोल्डेरियाबरोबरच्या मिश्रणापेक्षा जास्त निघाले. मिश्रण म्हणजे नेहमीच बेरीज होते असे नाही. दोघे एकमेकांशीही भांडतात.

टीआर फोरविरुद्ध भारतात शेतावर सर्वाधिक गाजलेले नाव मात्र जीवाणूचे नाही. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेने आणि केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्राने मिळून काढलेले ‘फ्युसिकॉन्ट’ ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीवर बेतलेले आहे आणि उत्तर प्रदेश-बिहारच्या बागांत ते वापरले गेले. जीवाणूंच्या बाजूने लिहिताना हेही सांगायलाच हवे.

स्पर्धा इतर उपायांशीही आहे. तैवानने ऊतिसंवर्धनातल्या नैसर्गिक बदलांतून निवडलेला ‘फॉर्मोसाना’ टीआर फोरला बऱ्यापैकी सोसतो. चीनमध्ये केळीआधी अननस घेतल्याने, तसेच लसणीच्या कुळातल्या भाजीशी फेरपालट केल्याने रोग घटला. आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये रानकेळीतले जनुक घातलेले ‘क्यूकॅव्ह फोर’ हे कॅव्हेंडिश लावायला आणि खायला मान्य केले. यांपैकी कोणताही उपाय एकटा पुरेसा नाही, आणि जीवाणूही त्याला अपवाद नाहीत.

टिश्यूचे रोप, रिकामे घर

महाराष्ट्राच्या दृष्टीने कळीचा मुद्दा इथे येतो. जळगावात नव्वदच्या दशकापासून ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली. पूर्वी तलवारीसारख्या पानांचे मुनवे काढून, कंद तासून लावत. आज व्यापारी बाग म्हणजे बहुतेक ‘टिश्यू’. त्यामुळे बाग एकसारखी निसवते, मुनव्यांतून येणारे सूत्रकृमी आणि सोंडकिडे टळतात, मर रोगाची बुरशीही बेण्याबरोबर शेतात येत नाही. पण बाटलीत वाढवताना ऊती निर्जंतुक करून घेतात आणि शत्रूंबरोबर मित्रही धुऊन जातात. रोप बाटलीतून निघते ते रिकाम्या घरासारखे: स्वच्छ, पण पहिला येईल त्याचे.

बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत पायस थॉमस यांनी या चित्राला एक महत्त्वाची दुरुस्ती केली. ‘निर्जंतुक’ म्हणवणाऱ्या ग्रँड नैनच्या कोंबांतही नेहमीच्या पद्धतीने न वाढणारे जीवाणू दडून असतात, हे त्यांच्या कामातून पुढे आले. म्हणजे घर पूर्ण रिकामे नसते. पण निवड झालेले, राखण करणारे रहिवासी त्यात नसतात. दक्षिण चीनमधल्या गटाने २००९ च्या सुमारास याच जागेवर बोट ठेवले: निरोगी देशी केळीतून काढलेले अंतर्वासी जीवाणू टिश्यूच्या रोपांत मुद्दाम सोडले आणि रोप नंतर रोगाच्या मातीला जास्त तोंड देऊ शकले.

यातून वेळेचा प्रश्न सुटतो. रोप बाटलीतून निघून आधी ट्रेमध्ये कोकोपीटवर, मग पिशवीत शेडनेटखाली कणखर होते. त्याला दोन-अडीच महिने लागतात. जीवाणू द्यायचे ते याच काळात, नवी मुळे फुटत असताना, बुरशीशी गाठ पडण्याआधी. खर्चाचे गणितही याच बाजूचे आहे. दीड बाय दीड मीटरवर लागण केली तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. हीच रोपे ५० कप्प्यांच्या ट्रेमध्ये असताना जेमतेम ९० ट्रेमध्ये मावतात. शेतात प्रत्येक बुंध्याशी आळवणी करायला लागणारा माल, पाणी आणि मजुरी एका बाजूला, आणि रोपवाटिकेत एका सकाळचे काम दुसऱ्या बाजूला.

तरीही बाजाराचा ओघ उलटा आहे. जीवाणूची बाटली विकली जाते ती शेतकऱ्याला, लागणीनंतर, बहुधा पाने पिवळी पडू लागल्यावर. त्या वेळी बुरशी जलवाहिन्यांत बसलेली असते आणि जीवाणू बाहेर मातीत पडतो. मग ‘जैविकाचा काही उपयोग नाही’ हा निष्कर्ष निघतो आणि तो त्या शेतापुरता खराही असतो.

करप्यापुढे मर्यादा

पानावर काम वेगळे. ऊन, वारा, पाऊस आणि कोरडी हवा यांत पानावर सोडलेला जीवाणू टिकवणे कठीण. बॅसिलस सबटिलिसची फवारणीची उत्पादने मध्य अमेरिकेत करप्यावर वापरली जातात, पण रसायनांना जोड म्हणून, त्यांची फेरपालट व्हावी आणि बुरशी एकाच औषधाला सरावू नये म्हणून. कोस्टा रिकात करप्याच्या ‘काळ्या’ प्रकारासाठी वर्षाला ५० च्या आसपास फवारण्या होतात. त्यांतल्या काही जरी जीवाणूंवर गेल्या तरी फायदा मोठा. आपल्याकडे आजही करप्याचा पाया रोगट पाने कापून बागेबाहेर काढणे, दाटी टाळणे, तण आणि साचलेले पाणी हटवणे आणि वेळेवर चिकट द्रवासह फवारणी हाच आहे. जीवाणू हा त्यावरचा थर, पाया नव्हे.

पुड्यात काय असते

भारतात जैविक बुरशीनाशके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात आणि जैविक खते खत नियंत्रण आदेशाखाली येतात. बाजारात दोन्हींची सरमिसळ होते. रोगावरचा दावा करणारा पुडा खताच्या नावाने विकला जातो. लेबलावर नोंदणी क्रमांक, वाणाचे नाव, पेशींची संख्या आणि मुदत या चार गोष्टी पाहिल्याशिवाय घेऊ नये. जीवाणूंच्या उत्पादनात साधारणपणे ग्रॅमला दहा कोटी जिवंत पेशी अपेक्षित असतात.

स्यूडोमोनास बीजाणू करत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगावच्या पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या पुड्यात त्याचे काय उरत असेल हे सांगायला प्रयोगशाळा नको. बॅसिलस बीजाणू करतो, म्हणून उन्हाळा सोसतो. शेतातले त्याचे आकडे कमी असले तरी दुकानातून शेतापर्यंत जिवंत पोचण्याची त्याची शक्यता जास्त. आणखी एक घोळ ठिबकमध्ये होतो. नळ्या साफ करायला क्लोरीन किंवा आम्ल सोडतात आणि लगेच त्याच नळीतून जीवाणू. ताम्रयुक्त औषध किंवा स्ट्रेप्टोमायसिनबरोबर एकाच टाकीत जीवाणू मिसळणे हाही तसाच पैशांचा चुराडा.

सगळे जीवाणू निरुपद्रवीही नसतात. बर्खोल्डेरियाचे काही गट फुप्फुसाच्या रुग्णांना धोकादायक ठरतात, सेराटियाही दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसाला त्रास देऊ शकतो. शेतात चांगले चाललेले काही वाण याच कारणाने बाजारात आणता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ‘जैविक म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण तपासल्याशिवाय मान्य करू नये.

तोडणीनंतर

शहरातल्या माणसाला बुरशी भेटते ती फणीच्या दांड्यावर. फणी घडापासून कापताना झालेली जखम काळी पडत जाते आणि केळी देठाशी सुटू लागतात. ही फणीची कूज. सालीवरचे खोलगट काळे डाग हा दुसऱ्या बुरशीचा उद्योग. पिकल्या केळ्यावरचे बारीक तपकिरी ठिपके मात्र रोगाचे नसून पिकण्याचे असतात. काढणीनंतरच्या या रोगांवर श्रीलंकेत केळीवरूनच मिळवलेल्या बर्खोल्डेरियाचे प्रयोग झाले. पण वर सांगितलेली शंका इथे दुप्पट होते, कारण फळ थेट तोंडात जाते. तूर्त स्वच्छ सुरी, स्वच्छ पाणी आणि फण्या न आपटता केलेली वाहतूक यांना तोड नाही.

शहरातला माणूस केळी नुसती खातो असेही नाही. नौपाड्यातल्या कित्येक घरांची मुरबाड, शहापूर, कर्जतकडे थोडी जमीन असते आणि तिथे हौसेने वेलची लावली जाते, बहुधा कुणाच्या तरी बागेतून मातीसकट आणलेल्या मुनव्यांतून. मर रोग पसरण्याची ही अगदी सोपी वाट आहे. मुनवा आणायचाच तर निरोगी बागेतला, माती धुऊन, मुळे तासून. त्याहून बरे म्हणजे खात्रीच्या रोपवाटिकेतले रोप.

मागणी कुणाकडे करायची

केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांना केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे. त्यात रोप विषाणूमुक्त आहे का आणि मूळ वाणाशी जुळते का, हे तपासतात. म्हणजे रोपात काय नाही याची हमी मिळते. त्यात उपकारक काय आहे, हा प्रश्न त्या प्रमाणपत्राच्या कक्षेबाहेरचा. जगातल्या केळीपैकी सुमारे चौथा हिस्सा पिकवणाऱ्या देशात आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेल्या जळगाव केळीच्या पट्ट्यात हीच उणीव आधी भरून काढण्याजोगी आहे.

पुरावा एवढे नक्की सांगतो: मर रोगावर जीवाणू उपाय म्हणून दुबळे, पण राखण म्हणून कामाचे, आणि ही राखण रोप शेतात जाण्याआधी बसवावी लागते. म्हणून जैविकाची बाटली घेण्याआधी शेतकऱ्याने रोपवाटिकेला विचारावे: ट्रेमध्ये असताना रोपांना कोणता जीवाणू दिला, कधी दिला आणि तो मुळात बसला हे तपासले का? रावेर-यावलच्या आपल्या मातीत, आपल्या उन्हाळ्यात, जीवाणू दिलेल्या आणि न दिलेल्या रोपांच्या बागा पिलबागेपर्यंत (मुनव्यांवर घेतलेल्या पुढच्या पिकापर्यंत) शेजारी-शेजारी वाढवून त्यांचे आकडे उघड करणे हे कृषी विद्यापीठांचे आणि रोपे विकणाऱ्या कंपन्यांचे काम. टीआर फोर हद्दीपलीकडे आलेला असताना हे प्रयोग रोग पोचल्यानंतर सुरू केले तर ते पुढच्या पिढीच्या कामाला येतील, या बागांच्या नाही.